आप्पाची लाल फाईल

चादरीची दोन टोकं आईच्या हातात होती आणि दोन आप्पाच्या. पहिली घडी नीट पडली होती. दुसरीसाठी दोघं एकमेकांच्या दिशेनं चार पावलं चालले होते, तेवढ्यात आप्पाच्या खिशातला फोन वाजला. आप्पानं हातातली टोकं जिथल्या तिथे सोडली. सकाळी धुऊन, वाळवून, कडक झालेली ती पांढरी चादर फरशीवर लोळली आणि आई अर्धी घडी हातात धरून तशीच उभी राहिली.

"अरे देवा! आत्ता धुतलीय रे ती!"

आप्पाला ऐकू आलं नाही. फोनवर तो एक नंबर दिसला की आप्पाला बाकीचं जग ऐकू येत नसे.

आप्पा म्हणजे कुणी वडीलधारी व्यक्ती नव्हे. वय वर्षं सव्वीस. लहानपणी दोन्ही हात पाठीमागे बांधून गॅलरीत फेऱ्या मारायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, बरं आहे ना?" असं विचारायचा, म्हणून घरानं त्याला आप्पा केलं. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, पदवी भिंतीवर लागली, पण आप्पा काही उतरला नाही.

"सर, रोजगार नोंदणी कार्यालयातून बोलतेय," पलीकडून आवाज आला. "उद्या सकाळी साडेदहाला मुलाखत आहे. कुरिअर कंपनी. वेळेवर जाल ना?"

"जाईन."

"आणि सर, या वेळेला जरा मनापासून."

"मी मनापासूनच जातो," आप्पा म्हणाला, आणि ते शंभर टक्के खरं होतं. फक्त मन कुठे होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

हे प्रकरण समजायला त्या कार्यालयाची रीत समजून घ्यायला हवी. नोकरी शोधणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची आणि त्यांना मुलाखतींना पाठवायचं, एवढंच तिथलं काम. नाव नोंदवलं की साधी पिवळी फाईल. लागोपाठ तीन मुलाखतींत नकार आला की फाईल लाल. लाल फाईलवाल्यानं दर बुधवारी सकाळी अकरा वाजता स्वतः हजर राहायचं आणि वीस मिनिटं समुपदेशन घ्यायचं, म्हणजे आपलं काय चुकतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. नोकरी लागली की फाईलवर हिरवा शिक्का, फाईल रेकॉर्ड रूममध्ये, आणि उमेदवारानं पुन्हा वर्षभर तरी तिथे पाय ठेवायचा नाही. ही रीत ज्या कुणी बसवली त्यानं तरुण माणसांचा फारसा अनुभव घेतलेला नसावा. नापास होणाऱ्याला दर आठवड्याला बक्षीस आणि पास होणाऱ्याला हद्दपारी, असा तो कारभार होता.

आणि समुपदेशनाच्या टेबलामागे ती बसायची.

सात महिन्यांपूर्वी तिनंच त्याचा अर्ज भरून घेतला होता. जन्मतारीख, पत्ता, शिक्षण असं विचारत विचारत ती "वैवाहिक स्थिती?" इथपर्यंत आली आणि आप्पाच्या छातीत काहीतरी हललं. हा प्रश्न ती दिवसातून तीस जणांना विचारायची, त्यात एक आजोबाही असत, पण आप्पाला वाटलं, आपल्याला विचारताना आवाज निराळा होता. "अविवाहित," तो इतक्या हळू म्हणाला की तिला पुन्हा विचारावं लागलं. झालं. तिनं पुन्हा विचारलं, या एवढ्याशा आधारावर आप्पानं सात महिने काढले.

पहिल्या तीन मुलाखतींत तो खरोखरच पडला. त्यात कुणाची लबाडी नव्हती. पण फाईल लाल झाली, बुधवार सुरू झाले, आणि चौथ्या मुलाखतीच्या वाटेवर आप्पाच्या लक्षात आलं की ही नोकरी चुकून लागली तर संपलं सगळं. त्या दिवसापासून आप्पा नापास होण्याच्या कलेत शिरला.

कला हा शब्द उगाच नाही वापरला. चित्रकार व्हायचं आप्पाच्या मनात होतं. बाबांनी, म्हणजे पाणीपुरवठ्यात तीस वर्षं मीटर वाचून निवृत्त झालेल्या माणसानं, ते मनातच राहू दिलं होतं. आतली कला बाहेर यायला वाट शोधतेच, ती आता मुलाखतींतून बाहेर पडू लागली. एकच चूक दोनदा करायची नाही, हा आप्पाचा नेम होता. आदल्या संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या मारून तो उत्तरं घडवायचा, तासायचा, घासून गुळगुळीत करायचा. टाइल्सच्या शोरूममध्ये त्याला सांगितलं, समजा मी गिऱ्हाईक आहे, मला ही टाइल विका. आप्पानं खाली वाकून गिऱ्हाईकाच्या पायाखालची फरशी बोटानं वाजवली आणि म्हणाला, "ही चांगली आहे की हो. कशाला खर्चात पडता?" एका विमा कार्यालयात विचारलं, तुमचा मोठा दोष कोणता? "मी आधी सांगत नाही," आप्पा म्हणाला, "सोबतच्या लोकांना शोधायला काहीतरी हवं."

घरी आलं की बाबा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "आजचं रीडिंग काय?"

"नाही जमलं."

"मीटर बंद पडलाय," बाबा आईला सांगायचे. "नाहीतर इतके महिने एकच आकडा कसा येईल?"

आईचं बोलणं देवाशी असायचं. रोज सकाळी अंघोळ झाली की हात जोडून ती एकच मागणं मागायची, माझ्या लेकाला नोकरी लागू दे. आणि त्याच घरात, संध्याकाळी, गॅलरीत हात पाठीमागे बांधून तिचा लेक त्याच देवाकडे मागायचा, नोकरी नको, तिचा चेहरा रोज दिसू दे. एकाच पत्त्यावरून, एकाच माणसासाठी, दोन उलटसुलट अर्ज. माणसाच्या कचेरीत असतं तर दोन्ही अर्ज परत आले असते. देवाचं ऑफिस तेवढं काटेकोर नाही, पण तिथेही घाई नसते.

तर दुसऱ्या दिवशी आप्पा कुरिअर कंपनीत गेला. तिथला मॅनेजर अंगानं गोल, खुर्चीत कसाबसा मावलेला. त्यानं ठरलेला प्रश्न टाकला, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"तुमच्या खुर्चीत," आप्पा म्हणाला. एवढं त्यानं आदल्या संध्याकाळी घोटलं होतं, पुढचं तिथेच सुचलं. "पण ही नको. हिचा उजवा हात हलतोय."

मॅनेजरनं उजव्या हाताकडे पाहिलं. हात हलत होता. आणि मॅनेजर जो हसायला लागला तो थांबेना. "अहो, सहा महिने बोंबलतोय मी! एकाला दिसेल तर शपथ! तुम्हाला आल्या आल्या दिसलं! कधीपासून येता?"

आप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. "मला... मला पार्सलची भीती वाटते," तो म्हणाला.

"वाटायलाच हवी! आत काय असेल सांगता येत नाही!" मॅनेजर डोळे पुसत म्हणाला. "हुशार आहात. सोमवारपासून या."

सात महिन्यांची तपश्चर्या डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती. आप्पानं शेवटचा दोर पकडला. "बुधवारी मात्र मला सुट्टी लागेल. दर बुधवारी."

हसू थांबलं. बुधवारी त्यांचे मोठे ट्रक भरायचे असत. मॅनेजरनं समजावून पाहिलं, मंगळवार चालेल का विचारलं, गुरुवार देतो म्हणाला. आप्पा बुधवारवरून हलला नाही. शेवटी मॅनेजरनं हात टेकले आणि आप्पा रस्त्यावर आला. इतक्या थोडक्यात तो कधीच वाचला नव्हता.

त्या रविवारी ताई माहेरी आली. ताई म्हणजे आप्पाची थोरली बहीण, एका शाळेत गणित शिकवायची, आणि घरात आली की आधी कपाटं आवरायला घ्यायची, कारण आईचं आवरणं तिला आवडत नसे. आप्पाच्या कपाटात, स्वेटरच्या खाली, तिला चित्रांच्या तीन वह्या सापडल्या. तिनं पहिली उघडली. एका मुलीचा चेहरा. पान उलटलं. तीच. दुसरी वही. तीच. कपाळ तेच, हनुवटी तीच, कानामागे खोचलेलं पेन तेच. फक्त डोळ्यांच्या जागी प्रत्येक पानावर इतकं खोडलेलं की कागद तिथे पातळ झाला होता.

"आप्पा, इकडे ये," ताईनं हाक मारली. "ही कोण?"

आप्पानं वही घ्यायला हात पुढे केला.

"सांगू नकोस. मीच सांगते. दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून जातोस ना, तिथली. मी काय म्हणते, तीन मुलाखतींत नापास होणं मी समजू शकते. एकोणीस मुलाखतींत नापास व्हायला अभ्यास लागतो. शाळेत एवढा केला असतास तर पहिला आला असतास."

"हळू बोल ना, आई ऐकेल."

"आईला देवाशिवाय दुसऱ्याचं ऐकायला वेळ नाही. त्या मुलीला सांगितलंस का तू?"

"चित्र पुरं झालं की देणार आहे. डोळे जमत नाहीत गं. सगळं जमतं, डोळे आले की दुसरीच कुणीतरी होते."

"डोळे राहू देत. तोंड उघड. तुझं." ताईनं वह्या जागेवर ठेवल्या, स्वेटर मात्र पुन्हा घडी करून ठेवले. "या बुधवारी चित्र दे आणि मोकळा हो. काय व्हायचं ते होऊ दे. नाहीतर म्हातारा होशील त्या लाल फाईलबरोबर."

बुधवारी आप्पा अकराला पाच मिनिटं कमी असताना पोचला. कार्यालय म्हणजे एक लांबोळकी खोली. एका भिंतीला छतापर्यंत फायलींचे रॅक, दुसऱ्या भिंतीवर हसतमुख माणसं एकमेकांशी हात मिळवताहेत असं पोस्टर, मध्ये पाण्याचा कूलर, त्याला बांधलेला स्टीलचा पेला. तिच्या टेबलावर संगणक, पंच, स्टेपलर, आणि शिक्के ठेवायचं लाकडी स्टँड. त्यातला हिरवा शिक्का आप्पाला नेहमी दिसायचा आणि तो नेहमी मान वळवायचा.

"बसा सर," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "कुरिअरवाल्यांचा फोन आला होता. म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण बुधवारी त्याचं काहीतरी व्रत असावं. काय असतं हो तुमचं बुधवारी?"

"इथे यायचं असतं," आप्पा म्हणाला.

आयुष्यात याहून सरळ कबुली त्यानं दिली नव्हती. तिनं ती जशीच्या तशी टाइप केली.

"अहो, पण नोकरी लागली की इथे यायचं नसतं," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "तुम्हाला नियम कळलेला दिसत नाही."

आप्पानं पिशवीतून चित्र काढलं. त्यातल्या त्यात बरं जमलेलं, आदल्या दिवशी जाड कागदावर उतरवलेलं. डोळे त्यानं समोर बघणारे काढले होते, थेट, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. त्यानं ते दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. 

"हे तुमच्यासाठी."

तिनं चित्र उचललं. जवळ धरलं, लांब धरलं. 

"छान आहे हो!" ती म्हणाली. "कोण आहे ही? बहीण का?"

आप्पानं रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

"कुणी नाही," आप्पा म्हणाला.

"मनानं काढलंत? अहो, मग फॉर्मवर का नाही लिहिलं? छंद म्हणून तुम्ही 'वाचन' लिहिलंय! सगळे वाचनच लिहितात, कुणी वाचत नाही." आणि आप्पा हूं की चूं करायच्या आत तिनं लाल फाईल उघडली, चित्र सर्वांत वर ठेवलं आणि स्टेपलर दाबला. पिन बरोबर कपाळाच्या मधोमध घुसली. "आता बघा. जोडपत्र म्हणून लावलंय. अशा कामाची एक मागणी आलीये, कुणी मिळत नव्हतं त्यांना. उद्या ही फाईल घेऊनच मुलाखतीला जा."

सात महिन्यांचं प्रेम जोडपत्र क्रमांक चार झालं.

मग ती थोडी पुढे झुकली आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून बोलली. "सर, एक सांगू? रागावू नका. मला इथे कायम करायचंय की नाही ते या महिनाअखेर ठरणार आहे. माझ्या नावावर एकही लाल फाईल उरता कामा नये, असं साहेबांनी सांगितलंय. बाकी सगळ्या झाल्या. तुमची एक राहिलीये. घरी मीच एकटी कमावती आहे. उद्या जरा, म्हणजे..." ती थांबली. "तुमचं तुम्ही बघा. मी आपलं सांगितलं."

आप्पा रस्त्यानं चालत घरी आला. बस पकडायचं सुचलंच नाही. ज्या फाईलमुळे तो दर आठवड्याला तिच्यासमोर बसत होता, तीच फाईल तिच्या पोटावर पाय देऊन उभी होती. तो जितका हुशारीनं नापास होत गेला, तितकी ती खुर्चीच्या कडेला सरकत गेली होती. इतके दिवस आपण प्रेम करतोय असं त्याला वाटत होतं. तिच्या बाजूनं पाहिलं तर तो एक थकबाकीचं काम होता. त्या संध्याकाळी तो गॅलरीत गेला नाही. देवाकडे काय मागावं ते कळेना, तेव्हा त्यानं मागणंच केलं नाही.

दुसऱ्या दिवशीची जागा म्हणजे कपड्यांच्या दुकानांत उभे असतात ते पुतळे बनवायचा कारखाना. एका शेडमध्ये फायबरचे हात एका ढिगात, पाय दुसऱ्या ढिगात, आणि फळ्यांवर ओळीनं बिनचेहऱ्याची टक्कल पडलेली डोकी. सगळीकडे पांढरी धूळ. मालक, ज्यांना तिथले कामगार काका म्हणायचे, पॉलिश पेपरनं एक खांदा घासत बसले होते. त्यांनी हात पँटला पुसला आणि लाल फाईल उघडली.

"ही तूच काढलीस?"

"हो."

काकांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "चेहरा बेस आहे. कुणाचाच वाटत नाही. आम्हाला असाच लागतो. ओळखीचा वाटला की गिऱ्हाईक कपड्याकडे बघत नाही."

आप्पानं ढिगातून घरंगळलेला एक हात उचलून परत वर ठेवला.

"बरं, सांग, हे काम तुला का करावंसं वाटतं?"

आणि इथेच घोडं अडलं. आप्पाला आज पास व्हायचं होतं, मनापासून व्हायचं होतं, पण इतके महिने नापास व्हायची सवय जिभेला लागलेली. तोंड उघडावं तर तयार उत्तरं रांगेनं उभी. "करावंसं असं काही..." तो म्हणाला आणि थांबला. "म्हणजे, वाटतं. वाटायलाच हवं असं नाही, पण वाटतं."

काकांनी खांदा घासायचा थांबवला. "तुला नोकरी हवीय की नको?"

"हवीय! हवीय हो काका!" आप्पाचा आवाज चिरकला. "मला बोलायला येत नाही. म्हणजे येतं, पण फक्त उलटं येतं. तुम्ही मला काहीतरी करायला सांगा, पण विचारू नका."

त्या शेडमध्ये बहुधा असं कुणी पहिल्यांदाच बोललं असावं. काकांनी फळीवरचं एक डोकं उचललं, आप्पाच्या मांडीवर ठेवलं, हातात दोन नंबरचा ब्रश दिला. "घे. चेहरा कर. मी खांदा पुरा करतो तोवर."

भुवया झाल्या. ओठ झाले. डोळ्यांशी येऊन ब्रश थांबला. त्या खोडलेल्या सगळ्या पानांवर तो इथेच थांबला होता. आप्पानं डोळे मिटले आणि ती आठवली, पण चित्रातली नव्हे. टेबलामागची. स्क्रीनकडे बघणारी. फायलीकडे, स्टेपलरकडे, घड्याळाकडे बघणारी. सात महिन्यांचे सगळे बुधवार त्यानं मनातल्या मनात उलटेसुलटे करून पाहिले, त्यात ती त्याच्याकडे बघतेय असा एकही बुधवार सापडला नाही. डोळे जमत कुठून? तो तिला आपल्याकडे बघायला लावत होता, आणि ते तिनं कधी केलंच नव्हतं.

त्यानं बुबुळं थोडी खाली आणली, जराशी डावीकडे सरकवली. फिकट तपकिरी. कामात असलेले डोळे. मांडीवरच्या त्या टकल्या डोक्यात ती आली आणि बसली. 

काका मागे येऊन उभे राहिले होते. "हे खरं डोकं," ते म्हणाले. "सगळे पोरगे डोळे समोर काढतात. अरे, पुतळ्यानं गिऱ्हाईकाकडे रोखून बघायचं नसतं. गिऱ्हाईक बुजतं. हिला कुणाची पडलेली नाही. बेस. येत्या एक तारखेपासून ये."

बुधवार शेवटचा होता. हिरवा शिक्का तिनं इतक्या आनंदानं उचलला की तो शाईत दोनदा बुडला. फाईलवर उठलेला ठसा जरा पसरट होता. आप्पाला तो आवडला नाही, पण तिला आवडला होता.

"अभिनंदन सर! मला तर खरं वाटेना. साहेब माझं पत्र उद्याच काढणार आहेत."

"कायमचं?"

"कायमचं!" तिचा चेहरा उजळला होता. ते सगळं हसू आपल्यामुळे होतं, आणि त्यात आपण कुठेच नव्हतो, हे आप्पाला एकाच वेळी कळलं.

"ते चित्र परत मिळेल का?" त्यानं विचारलं.

"नाही हो. जोडपत्र आहे ना. पाच वर्षं रेकॉर्डला राहतं, मग नष्ट करतात." तिनं फाईल बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. "आता परत तोंड दाखवू नका हं! आमच्या ऑफिसात निरोपाला असंच म्हणतात. चांगल्या अर्थानं."

"कळलं," आप्पा म्हणाला.

घरी आईनं देवापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. बाबांनी चष्मा खाली आणून नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, जणू मागच्या महिन्याच्या रीडिंगशी ताडून बघत होते. "चालू झाला," ते म्हणाले. ताईनं फोनवर एवढंच विचारलं, "आणि ते दुसरं?" आप्पा म्हणाला, "फाईल बंद." ताई गणिताची बाई. तिनं पायऱ्या विचारल्या नाहीत.

आणि देवाचं म्हणाल तर त्यानं एकाच सहीत दोन्ही अर्ज निकाली काढले होते. आईचा लेक नोकरीला लागला. आणि लेकाला तिचा चेहरा रोज दिसू लागला, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, फळीवर ओळीनं बारा-बारा. देताना देव हात आखडत नाही. मागणाऱ्यानं मात्र मागणं नीट शब्दांत मांडावं.

पुढे दोनअडीच महिने गेले. चादर आता सुट्टीच्या दिवशी धुतली जायची आणि तिच्या चारही घड्या पुऱ्या व्हायच्या, कारण मध्ये कुणाचा फोन येत नसे. "हात बसला बघ तुझा," आई कौतुकानं म्हणायची. आप्पा टोकाला टोक जुळवायचा.

एका दुपारी काकांनी त्याला बाजारातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात पाठवलं. शोकेसमधल्या एका पुतळ्याच्या नाकाचा टवका उडाला होता. आप्पा बूट काढून, मोज्यांवर, काचेच्या आत गुडघे टेकून बसला आणि टवक्यात लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरू लागला. बाहेरून जाणारी माणसं त्यालाही पुतळा समजून बघत होती.

काचेवर टकटक झाली. आप्पानं मान वर केली. बाहेर ती. कानामागे पेन तसंच. सोबत ऑफिसमधली एक मैत्रीण. तिनं हातानंच खुणावलं आणि दुकानाच्या दारातून आत डोकावली.

"अहो लाल फाईल!" ती हसून म्हणाली. नाव तिला आठवत नव्हतं हे उघड होतं. "कसं काय चाललंय? टिकलात ना?"

"टिकलो."

"बरं झालं बाई. नाहीतर फाईल परत उघडली असती." तिनं पुतळ्याच्या अंगावरच्या निळ्या ड्रेसची बाही दोन बोटांत धरून बघितली. "ड्रेस छान आहे, नाही गं? पण ही बाई जरा घमेंडखोर वाटते. बघतच नाही आपल्याकडे."

हे म्हणताना ती स्वतः बाहीला लटकणारं किमतीचं लेबल वाचत होती. डोळे थोडे खाली, जरासे डावीकडे. आप्पानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुतळ्याकडे. दोघींनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कामात असेल," आप्पा म्हणाला.

मैत्रीण हसली. ती नाही हसली, तिला लेबलवरचा आकडा पटला नव्हता. "चल, जेवणाची सुट्टी संपेल," म्हणत ती निघाली. जाता जाता मागे न बघताच तिनं हात हलवला, तो आप्पासाठी की पुतळ्यासाठी ते सांगता येणार नाही.

लांबी वाळायला दहा मिनिटं लागतात. आप्पा तेवढा वेळ तिथेच बसला. वाटलं होतं तितकं दुखलं नाही. थोडं दुखलं, गुडघ्यांइतकं. मग त्यानं पॉलिश पेपरनं नाक घासलं, वर त्वचेचा रंग दिला, लांबून पाहिलं. जोड दिसत नव्हता.

खिशात फोन वाजला. आप्पानं आधी ब्रश पुसला, डब्याचं झाकण लावलं, मग फोन उचलला.

"झालं का नाक?" काकांचा आवाज. "ऐक, आणखी बारा डोकी आलीत. दुकानवाल्यांना तेच डोळे हवेत. आपल्याकडचा रंग संपलाय."

"आणतो," आप्पा म्हणाला.

मोजे झटकून त्यानं बूट घातले, ब्रश पिशवीत टाकला आणि फिकट तपकिरी रंगाचा डबा आणायला तो रंगाच्या दुकानाकडे निघाला.